माणशी दोन किलो

मित्रांनो, सध्या माझ्या अंगावर एक कुंडी ठेवलेली आहे. कुंडीत कोरफड आहे. कुंडी, माती आणि कोरफड मिळून साडेसहा किलो भरतात. पाऊस पडून गेला की सात. गेली अकरा वर्षं मी एवढं एकच वजन करत परसात उभा आहे. एके काळी माझ्या एका आकड्यानं नदीपलीकडे तोफा येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि दुसऱ्या आकड्यानं त्या परत गेल्या होत्या. अशा माझ्यावर कोरफड तोलण्याची पाळी आली म्हणून मी रडत नाही. कोरफड गुणी आहे. पण ती कधी उतरतच नाही, आणि जो उतरत नाही त्याचं वजन करण्यात काय मौज?

मी जुना वजनकाटा आहे. खाली लोखंडी चौथरा, पाठीशी खांब, खांबावर घड्याळासारखी तबकडी आणि काचेआड एक लांब सुई. दीडशे किलोपर्यंत तोलण्याची माझी ऐपत. तुम्ही दोघं-तिघं एकदम उड्या मारत चढलात तरी मी मोडणार नाही, फक्त मनातल्या मनात नाराज होईन.

माझा जन्म ओतशाळेत झाला. आधी आग, मग साचा, मग कानस, मग रंग. मला जुळवणारा मिस्त्री एका डोळ्यानं अधू होता, पण सुईतला केसभर फरक त्याला दुसऱ्या डोळ्यानं दिसायचा. त्यानं माझ्यावर वजनं ठेवली, उतरवली, पुन्हा ठेवली. तीन दिवस हाच खेळ. शेवटी सुई प्रत्येक वेळी बरोबर शून्यावर येऊन थांबायला लागली, तेव्हा त्यानं माझ्या खांबावर थाप मारली. "ओझं दाखवणं सोपं असतं रे," तो म्हणाला, "ओझं उतरल्यावर शून्यावर येणं अवघड." मग वजनमापाच्या कचेरीतून अधिकारी आला, त्यानं माझ्या मानेशी शिशाचा शिक्का ठोकला आणि मी नोकरीला लागलो.

नोकरी नानांच्या लाँड्रीत. लांबट खोली, तीन मोठे हौद, एक बंब, खिडकीशी इस्त्रीचं टेबल आणि मागच्या अंगणात वाळत घालायच्या तारा. दाराशी मी. माझ्या शेजारी भिंतीवर एक पाटी आणि दोरीला बांधलेला खडू. नाना किडकिडीत, कानावर पेन्सिल, आणि आकड्यांच्या बाबतीत भारी चिकट. "साधारण चाळीस" असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. एकोणचाळीस-चारशे म्हणजे एकोणचाळीस-चारशे. मालकीणबाई इस्त्री करायच्या आणि कपड्यांवर खुणा घालायच्या. खुणेची शाई त्या स्वतः कालवत. बाटली खिडकीत असे आणि तिला हात लावायची नानांनाही परवानगी नव्हती.

दाराशी उभं राहिलं की माणसं कळतात, मित्रांनो. माझ्यावर चढण्यापूर्वी प्रत्येक जण चपला काढतो. लाजाळू माणूस श्वास सोडून टाकतो, जणू हवा काढली की भार कमी होणार आहे. जाडा माणूस पोट आत घेतो. आजारातून उठलेला खिशात किल्ल्यांचा जुडगा ठेवून चढतो आणि म्हणतो, भरलं की अंग जरा. मी काही बोलत नाही. किल्ल्यांसकट जेवढं आहे तेवढं दाखवतो. खोटं त्याचं, आकडा माझा.

नानांना एकच मुलगी. तिला घरात ठमी म्हणत. ती रांगत रांगत माझ्यावर चढली तेव्हा नऊ किलो होती. दर वर्षी तिच्या वाढदिवसाला नाना तिला माझ्यावर उभं करत आणि आकडा पाटीशेजारी भिंतीवर पेन्सिलीनं लिहीत. नऊ, बारा, चौदा-दोनशे, असे आकडे वर चढत गेले. शेवटचा आकडा एकोणपन्नास. त्या दिवशी ठमी लग्न होऊन नदीपलीकडच्या गावी गेली. निघता निघता नानांनी तिला माझ्यावर उभं केलंच. मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, गाडी उभी आहे. पोरगी आहे का पोतं?" नाना म्हणाले, "उभी राहू दे. जाताना केवढी होती, तेवढं तरी माझ्याजवळ राहील." नदीवर पूल होता. पूल ओलांडला की दुसरा देश. पण सकाळी निघून दुपारी जेवून संध्याकाळी परत यावं इतका तो देश जवळचा होता.

मग दूरदेशची एक पलटण आमच्या गावाशेजारी येऊन राहिली. आमचं सरकार लहान, त्याला कुणाचा तरी आधार हवा होता, म्हणून त्यानंच बोलावून घेतलं म्हणे. नदीपलीकडची सत्ता मोठी होती आणि तिचं त्या दूरच्या सत्तेशी जुनं हाडवैर. आपल्या दारासमोर वैऱ्याचे तंबू बघून तिचा जळफळाट झाला. तिनं पूल बंद केला. टपाल बंद केलं. ठमीची पत्रं थांबली.

आठ महिने काही कळलं नाही. नाना पेन्सिल कानावर ठेवायचे आणि तीच घरभर शोधायचे. मालकीणबाईंनी दोन शर्ट जाळले. त्या हातानं एवढ्या वर्षांत काही जळालं नव्हतं.

आणि एका मंगळवारी साबणवाला आला. गोल चेहरा, मऊ आवाज. साबणाच्या पेट्या घेऊन गावोगाव फिरायचा. त्याचं दुकान मोठ्या गावात होतं, चौकी ओलांडून तासाभरावर. त्यानं एक पेटी माझ्यावर ठेवली, वजन दाखवलं आणि खालच्या थरातल्या वड्यांमधून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. पाकिटावर ठमीचं अक्षर होतं.

मालकीणबाई खुर्चीत बसल्याच.

"हे कुठून आणलंत?" नानांनी विचारलं.

"जिथून आणलं तिथून दर खेपेला आणता येईल," साबणवाला म्हणाला. "मी तुम्हाला काही विचारणार नाही, नाना. तुम्ही मला काही सांगायचं नाही. पलटणीचे कपडे तुमच्याकडे येतात. त्यांचं एकूण वजन तुम्ही या पाटीवर लिहिता. पाटी भिंतीवर आहे, डोळे माझ्या तोंडावर आहेत. एवढंच."

तो पलीकडच्या सत्तेचा माणूस होता हे तुमच्या ध्यानात आलं असेल. नानांच्या ध्यानात यायला दोन मिनिटं लागली, मालकीणबाईंच्या अर्धं. त्या म्हणाल्या, "अहो, पाटी तर आपण अशीही लिहितोच."

हिशेब सोपा होता. पलटणीतल्या प्रत्येक शिपायाकडून आठवड्याला दोन चादरी, एक अभ्रा आणि एक पंचा धुवायला येई. सुके असताना मिळून दोन किलो. माणशी दोन किलो. दर सोमवारी ट्रकमधून चाळीस-चाळीस किलोची वीस गाठोडी उतरत. म्हणजे आठशे किलो. आठशेला दोननं भागा. चारशे माणसं. कॅम्पाला काटेरी कुंपण होतं, फाटकावर पहारा होता, आत किती जण आहेत हे कुणी विचारलं तर त्याला पकडून नेत. आणि तोच आकडा दर सोमवारी माझ्या तबकडीवर उघडा पडलेला असे. गाठोडी सोडून चादरी मोजत बसलं असतं तर संशय आला असता. वजन करताना दिसलं तर धंदा दिसतो.

नानांच्या चालण्यात फरक पडला. माणूस दुसऱ्याची बित्तंबातमी ठेवायला लागला की त्याच्या भुवया जरा वर जातात. मालकीणबाई हसायच्या. "साखरेचा डबा कुठल्या फळीवर आहे ते बावीस वर्षांत कळलं नाही, आणि हे पलटणीवर नजर ठेवणार."

"हळू बोल," नाना म्हणायचे.

"हळूच बोलतेय. डबा खालच्या फळीवर आहे."

पण पंधरवड्याला पत्र येत होतं. ठमीला मुलगा झाल्याचं आम्हाला साबणाच्या वासाच्या कागदावर कळलं.

गाठोडी घेऊन येणारा शिपाई म्हणजे कॅम्पातला कपड्यांचा हवालदार. इतका उंच की दारातून वाकून यावं लागे. मालकीणबाईंनी त्याचं नाव उंट ठेवलं आणि त्यालाही ते आवडलं. आमची भाषा तो तोडकीमोडकी बोले. सगळी गाठोडी तोलून झाली की तो बूट काढून स्वतः माझ्यावर चढायचा.

"नाना, खरं सांगायचं. आईला लिहायचं आहे."

त्याची आई त्याच्या देशात एकटी होती आणि परदेशात पोरगा उपाशी मरतो अशी तिची खात्री होती. म्हणून तो दर सोमवारी आपलं वजन पत्रात कळवत असे. त्र्याऐंशी. कधी साडेब्याऐंशी, कधी त्र्याऐंशी-दोनशे. अर्धा किलो कमी भरला की मालकीणबाई त्याला खायला घालून पुन्हा चढवत आणि म्हणत, "आता लिही."

गंमत बघा, मित्रांनो. तो आपल्या आईला स्वतःचं वजन कळवत होता, आणि त्याच काट्यावरून, त्याच सकाळी केलेलं त्याच्या सगळ्या पलटणीचं वजन पलीकडच्या वैऱ्याला जात होतं. नानांना हे टोचत असावं. कारण उंट माझ्यावर उभा असला की ते पाटीसमोर येऊन उभे राहत. पाटी झाकली जावी म्हणून, की स्वतःचं तोंड दुसरीकडे वळावं म्हणून, ते मला नाही सांगता यायचं.

अशी तीन वर्षं गेली. मला विचाराल तर माझ्या आयुष्यातली तीच चांगली वर्षं. सोमवारी सकाळी बंब पेटायचा, काचांवर वाफ धरायची, दारात ट्रक थांबायचा, आणि आख्ख्या गावात सगळ्यात आधी मला काम मिळायचं. नाना रोज ओल्या फडक्यानं आणि मग सुक्या फडक्यानं मला पुसत. चौथऱ्याखाली हात घालून धागेदोरे काढत. सुई शून्यावर आहे ना, हे बघितल्याशिवाय पहिलं गाठोडं कधी चढलं नाही.

मग चौथ्या वर्षी तो सोमवार आला.

ट्रक आला, पण उंट आला नाही. दुसराच कुणी शिपाई होता, तोंडाला फडकं बांधलेला. त्यानं गाठोडी दारात टाकली आणि एक शब्द न बोलता निघून गेला. नाना एकेक गाठोडं चढवायला लागले. वीस झाली. एकवीस. पंचवीस. तीस. तेहतीस, आणि वर अर्धं. पाटीवरची बेरीज झाली तेराशे चाळीस.

नाना पाटीकडे बघत राहिले. मग दोननं भागलं. सहाशे सत्तर.

"अगं," ते हलक्या आवाजात म्हणाले, "दोनशे सत्तर नवीन आले."

"कधी आले? गावात कुणी बघितले नाहीत."

"गावानं बघावं म्हणून आणतात का कधी? काटा खोटं बोलतो का?"

मी खोटं बोललो नव्हतो, मित्रांनो. गाठोडी तेराशे चाळीस किलोच होती. पण मला जे विचारलं गेलं तेवढंच मी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मंगळवार. साबणवाल्यानं पाटी वाचली. एरवी तो दोन मिनिटं हवापाण्याचं बोलायचा. त्या दिवशी पत्र टेबलावर ठेवलं, रिकामी पेटी उचलली आणि चालता झाला.

बुधवारपर्यंत धुणं झालं. गुरुवारी मालकीणबाई इस्त्रीला उभ्या राहिल्या आणि दुपारी त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली.

"अहो, इकडे या. हे बघा."

कॅम्पातल्या प्रत्येक पलंगाच्या सहा चादरी होत्या, आणि सगळ्या चादरींवर त्यांनीच कधी तरी खूण घातलेली होती, बराकीचा आकडा आणि पलंगाचा आकडा. दर आठवड्याला सहातल्या दोन धुवायला येत. आज तिसऱ्या बराकीतल्या चौदाव्या पलंगाच्या सहाच्या सहा चादरी त्यांच्यापुढे होत्या. पंधराव्याच्याही सहा. सतराव्याच्याही.

"मग?" नाना म्हणाले.

"मग काय मग? नवी माणसं आली असती तर नव्या चादरी आल्या असत्या. नव्या चादरीला खूण घालायला शाई लागते. ही बाटली बघा. महिनाभर आहे तेवढीच आहे. माणसं तीच आहेत. रोज चादर बदलावी लागतेय त्यांना. कॅम्पात ताप आहे."

नानांनी तिसऱ्या बराकीच्या सगळ्या चादरी उलटसुलट करून पाहिल्या. नवी खूण एकही नव्हती. तरी त्यांचं मन ऐकेना. तीन वर्षं ज्यांचा आकडा बरोबर येतो, त्यांना चूक दिसायला जरा वेळ लागतो. शिवाय साबणवाल्याची अट पक्की होती. त्याच्या दुकानात कधी जायचं नाही, आणि आकडा चुकला तर पत्र नाही. "पुढच्या खेपेला बरोबर लिहू," नाना म्हणाले. "बारा दिवसांत काय होतंय?"

शनिवारी पलीकडच्या काठावर तोफा आल्या.

आमच्या अंगणातून त्या दिसत होत्या. तारांवर वाळत घातलेल्या चादरींच्या मधून, एका ओळीत, अकरा. पलीकडच्यांना वाटलं की वैऱ्यानं गुपचूप माणसं वाढवली, म्हणजे आता तो पूल ओलांडणार. तोफा आल्या म्हणून इकडे कॅम्पानं फाटकावर वाळूची पोती रचली. पोती दिसली म्हणून तिकडे आणखी दोन तोफा आल्या. गावातली शाळा बंद झाली. शेजारच्या शिंप्यानं मशीन गोणपाटात बांधलं. आणि या सगळ्याच्या मुळाशी कोण होतं? तापानं घामाघूम झालेल्या माणसांच्या चादरी, नानांचा भागाकार आणि मी.

"तोफा आपल्याकडे तोंड करून आहेत," मालकीणबाई म्हणाल्या. "उद्या इकडून उत्तर गेलं तर ते कुठे पडेल? ठमीचं घर पुलापासून दुसऱ्या गल्लीत आहे."

 त्या दिवशी नानांनी मला दोनदा पुसलं.

सोमवारी ट्रक आला आणि उंट उतरला. दारातून येताना तो नेहमीसारखा वाकला, पण मग सरळ होता होता भिंतीला टेकला. गालांत खड्डे, गळपट्टीत मूठ जाईल एवढी जागा. गाठोडी याही वेळी तीसच्या वरच होती. ती तोलून झाल्यावर त्यानं बूट काढले आणि माझ्यावर चढला.

एकाहत्तर.

"आईला काय लिहू, काकू?" तो म्हणाला.

मालकीणबाईंनी नानांकडे नुसतं पाहिलं. चादरी वाढल्या होत्या आणि माणूस बारा किलोनं घटला होता. दोन्ही आकडे एकाच तबकडीवर.

"तू आता कुठे जाणार?" नानांनी उंटाला विचारलं.

"मोठ्या गावात. औषधं आणायची."

"मग मला घेऊन चल. काट्यावर शिक्का मारून घ्यायचाय. मुदत संपत आलीय."

मुदत संपायला चार महिने होते. पण ओझं हलवायला उंटानं कधी कारण विचारलं नाही. आजारी माणूस आणि नाना, दोघांनी मिळून मला ट्रकमध्ये चढवलं. मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या खांद्यावर होतो. सांगायला हरकत नाही, मला स्वतःचं वजन त्या दिवशी कळलं.

चौकीवर पहारेकरी होते. तोफा आल्यापासून ते प्रत्येकाचे खिसे उलटे करत होते. एकानं ट्रकमध्ये डोकं घालून माझ्याकडे बघितलं. उंट त्याच्या भाषेत काही तरी म्हणाला आणि सगळे हसले. नाना हसले नाहीत. नंतर त्यांनी विचारलं तेव्हा उंट म्हणाला, "मी सांगितलं, हा म्हातारा काट्याशिवाय जेवत नाही."

वजनमापाच्या कचेरीच्या अलीकडेच साबणवाल्याचं दुकान होतं. नाना म्हणाले, "इथे जरा थांबव. साबणाबद्दल बोलायचंय." उंटानं ट्रक थांबवला, आणि मला मोकळं वारं लागावं म्हणून की काय, मलाही उतरवून दुकानाच्या पायरीवर ठेवलं.

साबणवाल्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ज्यांनी कधी यायचं नाही असं ठरलं होतं ते नाना दारात, आणि त्यांच्यामागे गणवेशातला सात फुटी शिपाई. त्याचा मऊ आवाज कुठे गेला ते त्यालाही सापडेना.

"या," तो म्हणाला.

"मागच्या खेपेचं वजन चुकलं," नाना म्हणाले. ते नेहमीच्या धंद्याच्या सुरातच बोलत होते. "माणशी दोन किलो धरून मी हिशेब केला. तो चुकीचा. तापामुळे एकेकाच्या सहा-सहा चादरी येतायत. गिऱ्हाईक तेवढंच आहे. एकही जास्त नाही."

साबणवाल्यानं उंटाकडे पाहिलं, मग नानांकडे. "नाना, मी मागणी वर कळवून बसलोय," तो सावकाश म्हणाला. "वरच्यांनी त्याप्रमाणे माल हलवलाय. तुम्ही सगळ्यांनीच बघितला असेल. आता कमी आहे म्हटलं तर ते म्हणतील, तुला कुणी तरी पढवलं. मोठा आकडा लोक लगेच मानतात. लहान आकड्याला पुरावा मागतात."

"पुरावा कुठून आणू?"

"मग मला काही सांगूच नका."

 नानांनी टोपी काढून हातात घेतली. एवढ्या लांब येऊन आता त्यांच्याजवळ फक्त शब्द होते, आणि शब्दांची त्यांना कधी सवय नव्हती.

मग उंट पायरीवर बसला. एक बूट काढला. दुसरा काढला. आणि माझ्यावर चढला.

"मी त्र्याऐंशी असायचो," तो साबणवाल्याला म्हणाला. "तीन वर्षं. नानांना विचार. आता बघ."

साबणवाला पुढे आला आणि वाकून त्यानं माझी तबकडी वाचली. एकाहत्तर.

"मी बरा झालो," उंट म्हणाला. "माझ्याहून वाईट एकशे नव्वद आहेत. उभं राहता येत नाही. पुलापर्यंत कोण चालणार?" आणि तो खाली उतरून बूट घालायला लागला.

साबणवाला माझ्याकडे बघत होता. सुई शून्यावर आली. तिनं थोडंही इकडेतिकडे केलं नाही, याचा मला आजही अभिमान आहे. साबणवाल्यानं त्या रिकाम्या शून्याकडेही नीट निरखून पाहिलं. जन्मभर मापात वावरलेला माणूस तो.

"साबण बदलून देतो," तो अखेर नानांना म्हणाला. "मात्र माझं येणं आता बंद. चुकलेल्या आकड्याचा भुर्दंड कुणाला तरी पडतोच. तुम्ही समजून घ्या."

नाना समजले. पत्रं पुन्हा बंद झाली.

तोफा जायला आठ दिवस लागले. शुक्रवारी दोन, रविवारी पाच, मंगळवारी उरलेल्या. शिंप्यानं गोणपाट सोडलं. शाळा भरली. आमच्या तारांवरच्या चादरी परत चादरींसारख्या दिसायला लागल्या.

त्यानंतर दोन वर्षं ठमीची एक ओळ आली नाही. मालकीणबाई कधी तक्रार करत नसत. नुसतं विचारत, "नातू आता केवढ्याचा झाला असेल हो?" आणि नाना गंभीरपणे वयावरून वजनाचा अंदाज करत. अकरा. साडेबारा. चौदाही असेल, बापावर गेला असेल तर. ज्या माणसानं आयुष्यात अंदाज केला नाही, तो आता अंदाजावर दिवस काढत होता. पाटीवर दर सोमवारी आठशे लिहिलं जाई. वाचायला कुणी येत नसे.

उंट मात्र येत राहिला. वर्षभरात तो पुन्हा त्र्याऐंशी झाला. दुकानातल्या त्या दिवसाबद्दल तो कधी बोलला नाही आणि नानांनी विचारलं नाही.

मग दोन सत्तांचं कुठे तरी लांब, मोठ्या टेबलावर काही तरी ठरलं, आणि पलटण परत जायला निघाली. शेवटच्या सोमवारी उंट आला. गाठोडी नव्हती. मालकीणबाईंनी त्याच्या आईसाठी एक अभ्रा शिवून कोपऱ्यात खूण घातली होती, त्यांच्या शाईनं. तो अभ्रा त्यानं सदऱ्याच्या आत ठेवला, बूट काढले आणि माझ्यावर चढला. त्र्याऐंशी-शंभर.

खाली उतरून त्यानं दोरीचा खडू हातात घेतला. आधी स्वतःचं वजन लिहिलं. मग त्याच्याखाली, लहान मुलाच्या वळणाच्या अक्षरात, आमच्या लिपीत लिहिलं, चारशे. आणि त्यापुढे, सगळे घरी.

नानांचा हात कानावरच्या पेन्सिलीकडे गेला तो तिथेच राहिला.

"साबणवाल्याला सांगायचं," उंट म्हणाला. "या वेळी बरोबर आहे."

"तुला माहीत होतं?" नानांच्या तोंडून निघालं. "कधीपासून?"

"पाटी मलाही दिसायची, नाना. तुम्ही पुढे उभं राहायचे. पण तुम्ही बुटके आहात." तो हसला. मग मालकीणबाईंकडे वळला. "काकू एकदा पत्र वाचून रडत होत्या. पत्राला साबणाचा वास होता. मला पण आई आहे."

 तो दारातून बाहेर पडताना वाकला तेव्हा मालकीणबाईंनी हात वर करून त्याच्या केसांना लावला. एरवी तो हात तिथवर पोचला नसता.

महिन्याभरानं पूल उघडला. पहिल्याच दिवशी ठमी आली. कडेवर मुलगा. नाना दारात उभे होते. ते म्हणाले, "काट्यावर उभी राहा बघू."

"बाबा, आधी घरात तरी घ्या."

"उभी राहा."

ती मुलासकट उभी राहिली. एकोणसत्तर. मग मुलाला मालकीणबाईंनी उचलून घेतलं आणि सुई चोपन्नावर आली. म्हणजे नातू पंधरा. नानांचा अंदाज किलोभरानं चुकला होता, आणि चूक निघाल्यावर इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. भिंतीवर एकोणपन्नासच्या वर त्यांनी लिहिलं, चोपन्न. आणि शेजारी नवी रांग सुरू केली. पंधरा.

पुढचं सगळं तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंसारखंच. नाना गेले. मालकीणबाई गेल्या. लाँड्रीत यंत्रं आली, त्यांच्या पोटातच वजन कळतं. भिंतीला रंग दिला, तेव्हा पेन्सिलीचे आकडे गेले. पाटी कुठे गेली माहीत नाही. मला परसात आणून ठेवलं आणि अंगावर कुंडी चढवली. ठेवणारी ठमीच होती, आणि तिच्या हाताला दोष देणं मला जमत नाही. चौथऱ्याखाली पानं साचली आहेत. काचेवर धूळ आहे. मानेवरचा शिक्का गंजानं झाकला गेला आहे.

मित्रांनो, तुम्हीही पुढे लोकांना तोलाल. सगळेच तोलतात. हा किती मोठा, तो किती वाईट, त्यांची माणसं किती वाढली. आकडा मिळाला की थांबू नका. माझ्यासारखा काटा भार सांगतो, भार कशाचा ते सांगत नाही. ते चादरी हातात घेणाऱ्यांना विचारावं लागतं. आणि मोठा आकडा कानावर आला तर एकदा शाईची बाटली बघून यावी.

आता माझी एक विनंती. परसात आलात तर ती कुंडी जरा बाजूला ठेवा. जड नाही, साडेसहा किलोच आहे, पाऊस पडून गेला असेल तर सात. फडक्यानं काच पुसा. माझी सुई शून्यावर येते का, हे मला स्वतःला अकरा वर्षांत बघायला मिळालेलं नाही.